कुणी विचारलंच नाही

माझा भाचा हैदराबादेत एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत वरच्या हुद्द्यावर आहे. तो गच्चीबावलीला राहतो, मी सिकंदराबादला. आमचं घराणं मूळचं नगर जिल्ह्यातलं, अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेलं. माझे वडील रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, उपासनेत तेलुगू आणि बाजारात दखनी, असं आमचं चालतं.

उपकारस्तुतीच्या रविवारी भाच्यानं साक्ष द्यावी, असं आमच्या मंडळीनं ठरवलं. पत्रिका छापून आली. तीत त्याच्या नावाखाली पदवी, हुद्दा आणि कंपनीचं नाव होतं. पत्रिका घेऊन तो दुपारी माझ्याकडे आला आणि संध्याकाळ होईपर्यंत आमचा वाद चालला. तो मी इथं मांडते आहे, कारण मराठी ख्रिस्ती घरांत हा वाद नेहमीच सुरू होतो आणि नेहमीच कुणीतरी चहा आणून तो अर्ध्यावर मोडतो. त्या दिवशी तसं झालं नाही.

“आत्या,” तो म्हणाला, “गेल्या रविवारचा संदेश कशावर होता? फिलिप्पैकरांस पत्र, तिसरा अध्याय. पौल आपलं कूळ सांगतो, बन्यामिनाचा वंश सांगतो, परूशी म्हणून मिळवलेलं नाव सांगतो, आणि ख्रिस्तापुढे हे सगळं कचऱ्यात काढतो. पाळकांनी त्यावर तासभर सांगितलं. आणि खाली ही पत्रिका! आधी ठरवा, माझा हुद्दा कचरा आहे की छापण्यासारखा आहे.”

“छापायला नको होता,” मी म्हटलं. “यात माझं-तुझं दुमत नाही. मंडळीला श्रीमंत आणि शिकलेला माणूस मिरवायचा मोह होतो, आणि तो मोह पौलाच्या पत्राच्या उलट्या दिशेनं जातो. तू फोन करून सांग, पुन्हा छापतील.”

“मला पत्रिकेचं काही नाही गं. मला तो संदेशच पटत नाही. पौलाकडे टाकून द्यायला काहीतरी होतं. आपल्या पणजोबांकडे काय होतं? गावकुसाबाहेरची झोपडी आणि येसकराची काठी. ज्याला आयुष्यभर कुणी माणसात धरलं नाही, त्याला तुम्ही सांगणार की अभिमान सोड? त्याच्याजवळ सोडायला अभिमान होता कुठं? तीन पिढ्या खपल्या तेव्हा हा हुद्दा घरात आला. मला तो कचरा वाटत नाही, आणि वाटावा असंही वाटत नाही.”

हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, पण इतका सरळ कधी ऐकला नव्हता. उत्तरादाखल मी त्याला मुशीराबादच्या माणसाची गोष्ट सांगायला घेतली. गोलकोंडा चौरस्त्यावरच्या हेब्रोन या प्रार्थनागृहावरून तो अनेकदा गेला असेल. तिथं सुवार्तिक बख्त सिंग राहत होते, हे त्याला माहीत होतं. ते कसे तिथवर आले, हे माहीत नव्हतं.

बख्त सिंग १९०३ साली पंजाबात, आज पाकिस्तानात असलेल्या भागात, एका सुखवस्तू घरात जन्मले आणि शीख म्हणून वाढले. मिशनच्या शाळेत असताना त्यांना बक्षीस म्हणून बायबल मिळालं. कातडी बांधणी छान होती, म्हणून ती ठेवून त्यांनी आतली पानं फाडून टाकली. पुढे लाहोरला कॉलेज केलं आणि १९२६ मध्ये इंजिनिअर व्हायला लंडनला गेले. तिथं केस कापले, साहेबी कपडे आले, सिगारेट आणि दारूही आली. १९२८ मध्ये ते कॅनडाला निघाले. बोटीवर पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात उपासना ठेवली होती, तिथं ते नुसतं बघायला म्हणून बसले. प्रार्थनेला सगळे गुडघे टेकून खाली बसले आणि हे एकटेच खुर्चीत राहिले. तेव्हा मनात काय झालं, ते त्यांनी पुढे जन्मभर साक्षीत सांगितलं. आपण हिंदुस्थानी, आपण शिकलेले, आपला धर्म मोठा, मग आपण या लोकांसारखे का वाकावं, असा विचार आधी आला. मग वाटलं, मशिदीत आणि मंदिरात आपण पायातले जोडे काढतोच ना, मग इथला मान का ठेवू नये? आणि ते गुडघ्यांवर आले.

“बघ,” मी म्हटलं, “त्या क्षणी त्यांची पदवी कुणी मागितली नव्हती. पुढेही त्यांनी अभ्यास सोडला नाही. मॅनिटोबा विद्यापीठात शेतकी इंजिनिअरिंग शिकले. तिथंच विनिपेगला मित्राकडून बायबल मागून घेऊन वाचायला लागले आणि १९३२ साली व्हँकूवरला बाप्तिस्मा घेतला. मोडला तो ताठा, शिक्षण नाही.”

“पण पुढे इंजिनिअरिंग केलं का त्यांनी?”

“नाही. पगार घेतला नाही, कुठल्या मिशनची नोकरी धरली नाही, पैशासाठी कधी आवाहनही केलं नाही.”

“म्हणजे गेलंच की. आत्या, आपल्या सगळ्या मोठ्या साक्षी अशाच आहेत. मोठ्या घरचा माणूस आणि त्याचा मोठा त्याग. रेव्हरंड टिळक चित्पावन, पंडिता रमाबाई चित्पावन, जालन्याचे नारायण शेषाद्री देशस्थ. उंचावरून उडी मारली की सगळ्यांना दिसते. जे खालीच होते त्यांनी काही केलं, तर ते कुणाला दिसतं?”

मी थोडी चिडले, पण तो बरोबर होता म्हणूनच चिडले असेन. तरी एक गोष्ट मला सोडायची नव्हती. ही माणसं उडी मारून कुठं गेली, ते बघायला हवं. नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा १८४३ साली मुंबईत झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून कोर्टकज्जा झाला, मुलाला आईबापांकडे दिलं गेलं, आणि त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. हा भाग महाराष्ट्राला ठाऊक आहे. नारायणरावांचं पुढे काय झालं, ते फार कुणाला ठाऊक नाही. ते निजामाच्या मुलखात आले, जालन्याला. तिथं त्यांनी मांग समाजातल्या ख्रिस्ती कुटुंबांबरोबर बेथेल नावाचं गाव वसवलं. त्यासाठीची जमीन हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी दिली. वेद शिकलेल्या घरातला माणूस मांगांच्या गावात राहायला गेला, तेही एकोणिसाव्या शतकात. याला नुसता त्याग म्हणून चालत नाही. तो शेजार बदलला.

“आणि रमाबाई घे,” मी म्हटलं. “कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना सरस्वती म्हटलं, ते त्यांच्या संस्कृतामुळे. ती विद्या त्यांनी टाकून दिली का? केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल मराठीत आणलं. तेही शास्त्रीपंडितांसाठी नाही, खेड्यातल्या बाईला वाचून कळावं म्हणून. छापलं त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनीच. १९२२ मध्ये वारल्या, तोपर्यंत मुद्रितं तपासत होत्या. आयुष्यभर ज्या विद्येवर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, ती विद्या त्यांनी दुष्काळात वाचवलेल्या मुलींच्या हाताशी नेऊन ठेवली. मिळवलेल्याचं काय करायचं, हे मला तिथं कळतं.”

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बेथेलमधल्या मांगांची नावं सांग.”

मला एकही सांगता आलं नाही.

“केडगावच्या कंपोझिटर मुलींची?”

तीही नाही. चरित्रं लिहिली गेली ती उंचावरून आलेल्यांची, आणि आमच्या मंडळ्यांनी हे चालू दिलं. साक्षीचा एकच साचा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गिरवला. मोठं असणं, मोठेपण सोडणं, आणि मग त्या सोडण्यामुळे अजून मोठं होणं. त्या साच्यात माझी पणजी बसत नाही.

तिच्याबद्दल मला बोलायचंच होतं. ती नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. मोठेपणी, दोन मुलांची आई झाल्यावर अक्षरं शिकली, कारण तिला शास्त्र स्वतः वाचायचं होतं. घरात तिची जी गोष्ट सांगतात तिचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. तिला आधी सांगितलं गेलं की तू देवाचं लेकरू आहेस, आणि तिनं ते खरं मानलं. पाटी नंतर हातात आली. तिची किंमत शाळेनं ठरवली नव्हती, मिशननंही नव्हती. नापास झाली असती तरी ती किंमत कमी होणार नव्हती. तिच्या मुलाला जी शाळा मिळाली, नातवाला जी रेल्वे मिळाली आणि खापरपणतवाला जी गच्चीबावली मिळाली, ती सगळी त्या एका मानण्यानंतर आली.

“म्हणून मी म्हणते, श्रद्धा आधी आणि कर्तबगारी मागून,” मी म्हटलं. “कर्तबगारी वाईट म्हणून नव्हे. तुझी किंमत तुझ्या हुद्द्यावर टांगलेली असेल, तर उद्या कंपनीनं काढून टाकल्यावर तू काय उरशील? तुझ्या ओळखीतल्या किती जणांना तसं काढलं, तूच सांगतोस. ती माणसं महिनोन्‌महिने घराबाहेर पडत नाहीत, हेही तूच सांगतोस.”

“हे मान्य,” तो म्हणाला. “पण आत्या, स्वाभिमान आणि गर्व यात फरक आहे की नाही? बाबासाहेबांनी ख्रिस्ती व्हायचं नाकारलं त्याच्या कारणांत हेही होतं, की ख्रिस्ती झालेल्यांत जात तशीच राहिली आणि ते अन्यायाविरुद्ध उठलेही नाहीत. नम्र होता होता ते मुके झाले. १९५६ साली नागपूरला लोकांनी जे घेतलं तो नुसता धर्म नव्हता, ताठ मान होती. आणि इथं बघ. हेब्रोनमध्ये सगळे चपला बाहेर काढून जमिनीवर बसतात आणि रविवारी एकत्र जेवतात. फार चांगलं. पण लग्नाची वेळ आली की माला मालाकडे आणि मादिगा मादिगाकडे. कुठल्याही तेलुगू मंडळीत जाऊन विचार.”

यावर मी वाद घातला नाही. हे तो बोलतो आहे तसंच आहे, आणि मराठी मंडळ्यांतही फार वेगळं नाही. फक्त एवढं म्हटलं, की लवायला सांगायचं ते उभ्या माणसाला. ज्याला आधीच वाकवून ठेवलं आहे त्याला नम्रतेचं प्रवचन देणं हे शुभवर्तमान नव्हे, ती पाटीलकी आहे. येशूनं शिष्यांचे पाय धुतले ते गुरू म्हणून, त्यांनी आपल्याला गुरू म्हटलेलं मान्य करून. कुणी हुकूम केला म्हणून नव्हे.

तेवढ्यावर तो थांबला असता तर चहा झाला असता. पण त्यानं टिळकांचा विषय काढला.

“तू टिळकांचं नाव फार घेतेस. त्यांच्या त्यागाची किंमत कुणी दिली? १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि बायकोला, लक्ष्मीबाईंना, कळलं तेव्हा ते होऊन गेलं होतं. मग जवळजवळ पाच वर्षं ती बाई लहान मुलाला घेऊन नातलगांच्या दारी. नवरा जिवंत असून विधवेसारखं जगणं. टिळकांनी अभिमान सोडला आणि अपमान बायकोच्या पदरात पडला. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला संन्यासी झाले, देवाचा दरबार काढला. पगार सुटल्यावर घर कुणी चालवायचं?”

मी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ किती वेळा वाचलं आहे ते मलाच माहीत नाही. प्रत्येक वेळी टिळकांवर प्रेम बसतं आणि प्रत्येक वेळी त्यांचा रागही येतो. भाच्याला मी तेच सांगितलं. टिळकांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण आपल्या श्रद्धेसाठी दुसऱ्याचं आयुष्य परस्पर पणाला लावायचा अधिकार श्रद्धा कुणाला देत नाही. स्वतःचं सोडणं वेगळं, आणि दुसऱ्याचं त्याला न विचारता सोडून देणं वेगळं.

“आणि तरी,” मी म्हटलं, “त्या पुस्तकात सगळ्यांत मोठं सोडणं कुणाचं आहे सांगू? लक्ष्मीबाईंचं. इतकं कडक सोवळंओवळं पाळणारी बाई. राहुरीला असताना एक दिवस त्यांच्या मनानं घेतलं, की जात माणसानं केली आहे, देवानं नाही. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. नवऱ्यानं सांगितलं म्हणून नाही. नवरा तर पाच वर्षं सांगत होता. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःला पटल्यावर. टिळकांपेक्षा उशिरा आल्या, पण कुणाला फरफटत न आणता आल्या.”

“हां, ही साक्ष मला चालेल,” तो म्हणाला आणि हसला.

मग आम्ही त्या विषयाकडे आलो ज्यावर आमच्या मंडळीत मोठ्यानं बोलत नाहीत.

“समज,” तो म्हणाला, “सिकंदराबादच्या एखाद्या बस्तीतला मादिगा मुलगा आहे. हुशार आहे. रविवारी प्रार्थनेला येतो, घरात सगळे ख्रिस्ती. शाळेच्या दाखल्यावर हिंदू मादिगा. तसं राहिलं तर तो अनुसूचित जातीत, पंधरापैकी मादिगांच्या गटाच्या नऊ टक्क्यांत. ख्रिस्ती लिहिलं की तेलंगणाच्या बीसी-सी या मागास प्रवर्गात, एका टक्क्यात. तू त्याला सांगशील, श्रद्धा मोठी, यश लहान, ख्रिस्ती लिही?”

हेब्रोन ज्या १९५० साली सुरू झालं त्याच वर्षी १० ऑगस्टला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींबाबतचा आदेश निघाला. हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही, असं त्यात होतं. १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी तो बदलला. ख्रिस्ती आणि मुसलमानांसाठी तसाच राहिला. विहिरीवर, लग्नात आणि भाड्याचं घर शोधताना त्या मुलाची जात सुटत नाही, फक्त कागदावर सुटते. एखाद्याच्या श्रद्धेला सरकारनं अशी किंमत लावणं मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते कुठंही म्हणेन.

“त्या मुलाला मी काय सांगेन?” मी म्हटलं. “काहीच सांगणार नाही. ज्याची फी मी भरणार नाही, ज्याच्या आईची धुणीभांडी मी सोडवणार नाही, त्याला व्यासपीठावरून त्याग शिकवायचा मला हक्क नाही. तो लपवतो म्हणून मी त्याला कमी ख्रिस्ती म्हणणार नाही. पण त्याच बस्तीत कुणी ख्रिस्ती असं लिहितो, दाखला हातचा जाऊ देतो आणि लहानशी नोकरी करत प्रार्थनेला येतो, तर बख्त सिंगांच्या बरोबरीची साक्ष त्याची आहे. उपकारस्तुतीला त्याला बोलवावं. त्याच्या नावाखाली छापायला काहीच नसेल, तरी बोलवावं.”

“म्हणजे मला नको.”

“तुला बोलवू नये असं नाही म्हणत मी. तुझी गोष्ट वेगळी आहे. तुझा दाखला जात नाही, फी जात नाही. तुझं काय जातं ते सांगू का?”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं मी काय म्हणणार.

आमचं आडनाव असं आहे की ऐकून कुणाला कळत नाही. ऑफिसात, सोसायटीत, मराठी मंडळींच्या गणपतीत, सगळे त्याला महाराष्ट्रातला कुणी हिंदू समजतात. तो खोटं बोलत नाही. फक्त समज तसाच राहू देतो.

“कुणी विचारलंच नाही,” तो म्हणाला.

“१९३३ मध्ये बख्त सिंग परत आले. मुंबईला आईवडील घ्यायला आले होते. मुलानं बाप्तिस्मा घेतला ते पत्रातून कळलेलं होतं. त्यांनी काय मागितलं ठाऊक आहे? धर्म सोड असं नाही म्हणाले. तुला काय मानायचं ते मनात मान, बाहेर बोलू नकोस, घराण्याची अब्रू राहू दे, एवढंच. मुलगा नाही म्हणाला. ते त्याला मुंबईत सोडून निघून गेले. कॅनडाहून आलेला इंजिनिअर परक्या शहरात एकटा. पुढे कराचीच्या रस्त्यांवर, सफाई कामगारांच्या वस्त्यांत तो बोलत राहिला. वडील नंतर विश्वासात आले, पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक होतं? मागे तू विचारलंस, इंजिनिअरिंग गेलं का. ते खरं गेलंच नाही रे, ते त्यांनी ठेवून दिलं. त्यांना सोडावं लागलं ते लोकांच्या डोळ्यांतलं स्थान. आपल्या देशात ख्रिस्ती म्हणवून घ्यायचं म्हणजे बहुतेकांच्या नजरेत एक पायरी खाली उतरायचं. बख्त सिंगांना ती पायरी उतरावी लागली, टिळकांना उतरावी लागली. पणजीला उतरायला पायरीच नव्हती. तुझ्याकडे आज ती आहे. पणजीच्या कष्टानं आली आहे.”

“हे तू सोपं करून सांगतेस,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “सध्याचे दिवस बघ. कुणाच्या घरात प्रार्थना झाली तरी धर्मांतराचा संशय घेतात. माझ्या हाताखाली माणसं आहेत. उद्या मी कुणाला बढती दिली आणि तो ख्रिस्ती निघाला, तर काय बोलतील? आणि पौलाचं काय? त्यानं सगळं कचरा म्हटलं, पण रोमी नागरिकत्व नाही टाकलं. फटके मारायला बांधलं तेव्हा लगेच सांगितलं, मी रोमी आहे. कैसराकडे दाद मागितली. मग मी माझी ढाल का टाकू?”

हा त्याचा सगळ्यांत चांगला मुद्दा होता. प्रेषितांची कृत्ये नीट वाचल्याशिवाय तो सुचत नाही. मी म्हटलं, पौलानं नागरिकत्व वापरलं हे खरं. पण ख्रिस्ताचं नाव झाकायला नाही वापरलं. ते नाव तो आधीच चौकाचौकांत सांगून बसला होता, म्हणून तर बांधला गेला. ढाल धर, जरूर धर. कायदा आहे, राज्यघटनेतलं पंचविसावं कलम आहे, त्यांचा आधार घे. पण ढालीमागे कोण उभा आहे ते लोकांना ठाऊक असू दे. तुझ्या हाताखालच्या माणसांना तू न्यायानं वागवतोस, हे ते रोज बघतात. मग त्यांनी एवढंही जाणावं की हा माणूस रविवारी कुठं जातो.

“आणि भीती?”

“भीती खरी आहे. ती नाही असं मी म्हणणार नाही. पण तू मघापासून अभिमानाबद्दल बोलतोस म्हणून विचारते, हे सगळं भीतीमुळेच आहे का? गणपतीच्या आरतीला पुढे उभं करतात, मराठी माणूस म्हणून कौतुक करतात, ते सुटेल असंही थोडं आहे ना?”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “अर्धं भीतीमुळे, अर्धं त्यामुळे. कुठलं अर्धं मोठं ते नाही सांगता येत.”

मला वाटतं, एवढा खरा माणूस साक्ष द्यायला उभा राहिला तर मंडळीचं भलं होईल. मी तसं म्हटलं.

“साक्षीचं बघू. पाळकांना सांगतो, हुद्दा काढा आणि माझ्या वेळातली दहा मिनिटं दुसऱ्या कुणाला द्या. कोण ते त्यांना ठाऊक असेल. माझ्यापुढे दुसरंच काम आहे. लेकीचा पहिलीचा प्रवेश अर्ज भरायचा आहे. धर्माच्या रकान्यात आम्ही काहीच लिहिलं नाही. शाळाही तेवढ्यावर अडत नाही म्हणे.”

“मग लिही.”

“लगेच नाही.”

“का? आत्ताच तर बोललास...”

“आत्या, ती एकट्या माझी लेक नाही. शाळेत सोडायला-आणायला तिची आई जाते, बाकीच्या आयांमध्ये तीच उभी असते. कुणी काही बोललं तर आधी तिला ऐकावं लागेल. घरी जाऊन तिला विचारतो. ती हो म्हणाली तर लिहू, नाही म्हणाली तर अजून बोलू. टिळकांनी विचारलं नव्हतं.”